न फुटलेला दाणा
(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनातील व्याख्यान)



लाही हा पदार्थ महाराष्ट्रातील मुलास शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच परिचित झालेला असतो. नागपंचमीस ज्वारीच्या लाह्या, लक्ष्मीपूजनास साळीच्या लाह्या व बत्तासे, उपवासास राजगिऱ्याच्या लाह्या आणि बाजाराच्या दिवशी भडभुंज्याच्या भट्टीवरील मक्याच्या लाह्या, असा हा पदार्थ वर्षभर त्याच्या हाती येत असतो. अलीकडे किराणा दुकानातील पुड्यांतून तो पॉपकॉर्न या नावाने खेडोपाडी पोहोचला आहे. लाह्या खाऊन संपल्या म्हणजे भांड्याच्या तळाशी काही दाणे उरतात, हेही प्रत्येक मुलास ठाऊक असते. हे दाणे टणक, काळपट आणि दाताखाली आल्यास दातालाच इजा करणारे असतात. त्यांना गणंग म्हणतात. घरात गणंग कोंबड्यांना टाकले जातात आणि विषय संपतो.

एखादा चौकस मुलगा मात्र तेथे थांबत नाही. दाणे एकाच कणसाचे, कढई एक, जाळ एक. मग बाकीचे फुटले आणि हेच का राहिले, असे तो विचारतो. या प्रश्नास वडीलधाऱ्यांकडून बहुधा ठराविक उत्तर मिळते, ते म्हणजे ‘त्या दाण्यात दम नव्हता’. शिक्षकाच्या तोंडूनही हेच उत्तर जात असेल, तर एक उत्तम पाठ हातचा गेला असे समजावे. ‘दम नव्हता’ म्हणजे दाण्यात नेमके काय नव्हते, हे या उत्तरातून कळत नाही, आणि मुलगा पुढे काही विचारू शकत नाही. वास्तविक या प्रश्नाचे उत्तर निश्चित आहे, ते मोजता येते, आणि त्याचा बराच भाग चौथी-पाचवीच्या वर्गात एका कढईत पडताळून पाहता येतो.

प्रथम फुटणारा दाणा पाहावा. मक्याच्या दाण्याचे तीन भाग मुलांना भिजवलेला दाणा उभा कापून दाखविता येतात. बाहेरची चिवट साल, आत पिठाचा साठा, आणि टोकाकडील बाजूस अंकुर. लाह्यांच्या मक्यात हा पिठाचा साठा बहुतांशी काचेसारखा घट्ट असतो. नेहमीच्या मक्यात तो अधिक पिठूळ असतो. शिवाय लाह्यांच्या मक्याची साल उष्णता चटकन आत पोहोचविणारी आणि वाफ सहजी बाहेर न सोडणारी असते. म्हणूनच भाकरीच्या किंवा जनावरांच्या मक्याच्या लाह्या करू गेल्यास त्या नीट होत नाहीत. ही लाह्यांच्या मक्याची जात नवी नव्हे. पेरू देशाच्या किनाऱ्यावर उत्खननात सापडलेल्या मक्याच्या अवशेषांवरून तेथील लोक सुमारे ६,७०० वर्षांपूर्वी मका लाह्या करूनही खात होते, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविण्यात आले. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर मका अमेरिकेबाहेर पडला व कालांतराने आपल्या देशात आला. त्यापूर्वी येथील लाह्या ज्वारीच्या व साळीच्याच होत्या.

दाण्यात पीठ असते हे मुलांना पटते. पाणी असते हे पटत नाही, कारण दाणा हाताला कोरडा लागतो. तरीही उत्तम फुटणाऱ्या दाण्याच्या वजनात शेकडा १४ च्या आसपास पाणी असते. लाह्यांच्या मक्याचे शंभर दाणे सुमारे १५ ग्रॅम भरतात. म्हणजे शंभर दाण्यांत पाणी अवघे दोन ग्रॅम, आणि एका दाण्यात सुमारे २० मिलिग्रॅम. अर्ध्या थेंबाएवढेही नाही. सगळा चमत्कार या अर्ध्याहून कमी थेंबाचा आहे.

दाणा तापू लागला म्हणजे हे पाणी वाफ होऊ पाहते; परंतु साल तिला जागा देत नाही. उघड्या भांड्यात पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते आणि वाफ निघून जाते. झाकण घट्ट बसविलेल्या प्रेशर कुकरमध्ये वाफ कोंडली जाते, दाब वातावरणाच्या सुमारे दुप्पट होतो आणि तापमान १२० अंशांपर्यंत चढते. मक्याचा दाणा हा याहून कितीतरी बळकट कुकर आहे. त्याच्या आत तापमान १८० अंशांच्या जवळ जाते व दाब वातावरणाच्या सुमारे दहापट होतो. तोपर्यंत त्या तप्त ओलाव्यात आतील घट्ट पीठ शिजून मऊ झालेले असते. शेवटी साल दाबापुढे हार खाते. साल फाटताच दाब एकाएकी उतरतो, कोंडलेले पाणी वाफ होऊन फुगते, मऊ पिठाचे असंख्य बुडबुडे होतात आणि बाहेर येताच थंड होऊन तसेच गोठून राहतात. लाही म्हणजे गोठलेला फेस. तिचे आकारमान मूळ दाण्याच्या तीस-चाळीस पट होते, परंतु वजन मात्र घटते, कारण पाण्याचा मोठा भाग उडून गेलेला असतो. मूठभर दाणे आणि त्यांच्याच टोपलीभर लाह्या तराजूत घालून मुलांना आधी अंदाज विचारावा. लाह्या जड भरतील असे सांगणारी मुले प्रत्येक वर्गात निघतात.

२०१५ साली फ्रान्समधील दोन संशोधकांनी अतिवेगवान छायाचित्रणाने हीच क्रिया अभ्यासली. त्यांनी दाणे ठरावीक तापमानास तापवून मोजले, तेव्हा १७० अंशांस शेकडा ३४ दाणेच फुटले. १८० अंशांस मात्र शेकडा ९६ फुटले. दहा अंशांच्या फरकात एवढा पालट व्हावा, यावरून साल फाटण्याचा क्षण किती ठरलेला आहे हे दिसते. लाही फुटताना होणारा आवाज साल फाटण्याचा नसून कोंडलेली वाफ सुटण्याचा असतो, असेही त्यांच्या निदर्शनास आले. दाणा उडी घेतो ती, फुगलेल्या पिठाचा जो पहिला फुगारा बाहेर पडतो तो पायासारखा तव्यावर दाबून. मुलांना ही उडी फार आवडते, आणि काचेचे झाकण असेल तर ती पाहताही येते.

आता गणंगाकडे वळता येते. वरील वर्णन ध्यानी घेतले म्हणजे न फुटण्याची कारणे कोठे शोधावयाची हे आपोआप कळते. पाणी पुरेसे असले पाहिजे, साल अभंग असली पाहिजे, आणि जाळ योग्य असला पाहिजे. यांपैकी एकही गोष्ट ढळली की दाणा फसतो.

जाळाचे कारण प्रथम बाजूस काढावे, कारण ते सोपे आहे. जाळ फार मंद असला तर दाब वाढण्याच्या आधीच वाफ टोकाकडून आणि सालीतून हळूहळू झिरपून जाते. जाळ फार तीव्र असला तर आतील पीठ मऊ होण्यापूर्वीच साल फाटते व अर्धवट उघडलेला, आतून टणक दाणा हाती येतो. भडभुंजा तापलेल्या वाळूत दाणे टाकतो, सारखे हलवितो आणि झटपट चाळून काढतो. वाळूमुळे प्रत्येक दाण्यास सर्व बाजूंनी एकदम सारखी आच लागते. अनुभवाने त्याने साधलेली ही गोष्ट कोणत्याही पुस्तकातील सूचनेपेक्षा कमी शास्त्रशुद्ध नाही, आणि गावात भट्टी असेल तर वर्ग तेथे न्यावा.

परंतु आच सारखी असूनही गणंग राहतात. तेथे खरा प्रश्न सुरू होतो. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात २००५ साली मक्याच्या चौदा वाणांची तुलना करण्यात आली. काही वाणांत शेकडा चारच दाणे न फुटता राहिले, तर काहींत शेकडा ४७. म्हणजे जवळजवळ निम्मे! फरक सालीत निघाला. साल ज्या सेल्युलोजची बनलेली असते, त्याचे रेणू काही वाणांत अधिक शिस्तीने, स्फटिकासारखे रचलेले असतात. ही रचना तापल्यावर अधिक घट्ट होते व पाणी आत अडवून धरते. जेथे रचना सैल तेथे ओलावा तापताना निसटतो, आणि फुटण्यास लागणारा दाब कधीच जमत नाही. असा दाणा आणखी कितीही तापविला तरी फुटत नाही. त्यातले पाणी निघून गेलेले असते, म्हणून तो केवळ करपतो. ‘अजून थोडा जाळ लावला असता तर फुटला असता’ हा समज त्यामुळे टिकत नाही.

सालीला बाहेरून झालेली इजाही हेच करते. कणीस सोलताना पडलेली चीर, किडीने पाडलेले सूक्ष्म भोक, कडक उन्हाने किंवा यंत्रातील गरम हवेने घाईत वाळविल्यामुळे पडलेल्या भेगा, यांपैकी काहीही पुरते. भेग डोळ्यांस दिसतेच असे नाही. वाफेला मात्र ती सापडते.

अमेरिकेत या न फुटलेल्या दाण्यांस ‘म्हाताऱ्या कुमारिका’ असे टोपणनाव पडले आहे. ते सुरुचीचे नाही. मराठीत गणंग हा शब्द माणसांसही लावतात, आणि शाळेच्या व्हरांड्यात एखाद्या मागे पडलेल्या मुलाविषयी तो सहज उच्चारला जातो. दाण्याचे उदाहरण मुलास लावण्याचा मोह येथे टाळणेच बरे, कारण मूल म्हणजे मक्याचा दाणा नव्हे. एवढेच नमूद करावे की, ‘आत काही नाही’ हा या शब्दातला आरोप खुद्द दाण्याच्या बाबतीतही खोटा ठरतो. फुटलेल्या व न फुटलेल्या दाण्यांत पीठ सारखेच असते. उणीव असते ती अर्ध्या थेंबाहून कमी पाण्याची, किंवा ते राखणाऱ्या सालीची.

पाण्याची उणीव या प्रदेशात विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. धान्य हे हवेशी सतत देवघेव करीत असते. पावसाळ्यातील दमट हवेत ते पाणी शोषते, वैशाखातील रखरखीत हवेत ते गमावते. उन्हाळ्यात उघड्या पोत्यात पडून राहिलेल्या मक्यातील पाणी शेकडा दहाच्याही खाली जाऊ शकते. आणि तोच मका मग ‘खराब निघाला’ म्हणून दुकानदारास दोष दिला जातो. याच्या उलट, नुकत्याच काढलेल्या ओल्या कणसाचे दाणेही चांगले फुटत नाहीत. त्यांची साल ओलाव्याने नरम झालेली असते, ती कमी दाबासच फाटते, आणि लाही लहान व चिवट होते.

ज्वारीच्या लाह्या करणाऱ्या बायकांना हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. त्या ज्वारीस पाणी लावतात, ती फडक्यात बांधून ठेवतात, मग वरची ओल सुकू देऊन तापलेल्या कढईत मूठमूठ टाकतात. दाण्याच्या आत पाणी मुरावे आणि पृष्ठभागावर मात्र राहू नये, हा त्यातला हेतू. मुलांनी घरी जाऊन आजीस किंवा आईस ‘ज्वारी किती वेळ बांधून ठेवतेस, आणि न बांधता टाकली तर काय होते?’ असे विचारून यावे. उत्तरे वेगवेगळी येतील. ती सर्व फळ्यावर लिहावीत. साळीची गोष्ट जराशी निराळी आहे. तेथे वाफ कोंडण्याचे काम तूस करते. तुसाच्या दोन पाकळ्या एकमेकींत घट्ट अडकलेल्या असतात, व त्या जितक्या घट्ट तितकी लाही चांगली. याच कारणाने तूस काढलेल्या साध्या तांदळाची तशी लाही होत नाही. चुरमुऱ्यांसाठी भात उकडण्यापासूनची वेगळीच प्रक्रिया करावी लागते.

हे सर्व सांगून झाले तरी पाठ झाला असे होत नाही. शिक्षकाने सांगितले म्हणून कारण खरे मानावयाचे असेल, तर ‘दम नव्हता’ आणि ‘साल गळकी होती’ या दोन उत्तरांत मुलाच्या दृष्टीने फरक उरत नाही. म्हणून प्रयोग करावा. त्यासाठी लाह्यांचा मका ३०० ग्रॅम, स्वयंपाकघरातील वजनकाटा, झाकणाच्या दोन बाटल्या, एक कढई व झाकण एवढे पुरे.

३०० ग्रॅमपैकी १०० ग्रॅम दाणे घट्ट झाकणाच्या बाटलीत जसेच्या तसे ठेवावेत. उरलेले २०० ग्रॅम पसरट ताटात उन्हात वाळवावेत आणि रोज दुपारी तोलावेत. वजन १९० ग्रॅमवर आले की थांबावे. ऋतूप्रमाणे यास काही दिवस लागतील. हे दहा ग्रॅम कोठे गेले, हा प्रश्न तेथल्या तेथे विचारण्यासारखा आहे. नंतर या वाळलेल्या दाण्यांचे ९५-९५ ग्रॅमचे दोन भाग करावेत. एक भाग तसाच ठेवावा. दुसरा बाटलीत घालून त्यावर ५ ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा, पाणी टाकावे, झाकण लावून चांगले हलवावे, आणि चार-पाच दिवस रोज एकदोनदा हलवीत राहावे. गेलेले पाणी त्या भागास परत मिळाले. ९५ चे पुन्हा १०० झाले. बाटलीच्या काचेवर थेंब दिसेनासे झाले म्हणजे पाणी आत मुरले असे समजावे. यात शेकडेवारीचे गणितही सहज होऊन जाते, ते वेगळे शिकविण्याची गरज राहत नाही.

चौथा गट सालीचा. बाटलीतील मूळ दाण्यांपैकी सव्वाशे दाणे घेऊन प्रत्येकाच्या रुंद डोक्याकडील कडेचा किंचित कोपरा नखे कापण्याच्या यंत्राने उडवावा. टोकाकडील अंकुरास धक्का लागू देऊ नये. हे काम शिक्षकाने स्वतः किंवा वरच्या वर्गातील मुलांनी करावे.

आता प्रत्येक गटातील शंभर दाणे मोजून घ्यावेत आणि कढईत एक चमचा तेल घालून, झाकणाखाली, एकामागून एक गट भाजावा. तेल, जाळ व वेळ सर्वांस सारखी असावी, आणि प्रत्येक गटापूर्वी कढई थंड करून मगच पुन्हा तापवावी. नाहीतर शेवटच्या गटास तापलेल्या कढईचा लाभ मिळेल. भाजण्याचे काम शिक्षकाचेच. मुले कढईपासून चार हात दूर बसलेली असावीत, आणि झाकण आवाज थांबल्यावर काही वेळाने, वाफ पलीकडे जाईल अशा बेताने उचलावे. भाजून झाल्यावर फुटलेले व न फुटलेले दाणे मुलांनी मोजावेत.

वाळलेल्या गटात व कोपरा उडविलेल्या गटात गणंगांची संख्या बरीच वाढलेली दिसेल. पाणी परत दिलेल्या गटात ती घटलेली दिसेल, परंतु मूळ दाण्यांइतकी खाली येईलच असे नाही, कारण वाळताना काही दाण्यांच्या सालीस भेगा पडलेल्या असतात व त्या पाण्याने भरून येत नाहीत. येथे शिक्षकाच्या प्रामाणिकपणाची कसोटी असते. आकडे अपेक्षेप्रमाणे आले नाहीत म्हणून ते फळ्यावर लिहिताना ‘सारखे करून घेण्याची’ सवय काही शाळांत आढळते. निरीक्षणवहीतील देखणेपणासाठी केलेली ही लबाडी मुले ओळखतात आणि पुढे त्यांच्या वह्यांतही तीच उतरते. जो आकडा आला तोच लिहावा. तो विचित्र असेल तर दुसऱ्या दिवशी गटांचा क्रम बदलून प्रयोग पुन्हा करावा. एकदा केलेल्या मोजणीवरून शंभर दाण्यांमागे चार-पाचांच्या फरकास काही अर्थ देऊ नये, हेही मुलांनी याच वेळी शिकावे.

कोपरा उडविलेल्या सव्वाशे दाण्यांपैकी पंचवीस राहिले आहेत. ते ओल्या फडक्यात गुंडाळून उबदार जागी ठेवावेत व रोज फडके ओले करावे. गावातल्याच कणसांचे, उगवणशक्ती असलेले दाणे असतील तर आठवड्याच्या आत त्यांपैकी पुष्कळांस मोड आलेले दिसतील. लाही होण्याच्या दृष्टीने हेच दाणे वाया गेलेले होते. वर्गातील ज्या मुलाने ‘दम नव्हता’ असे म्हटले असेल, त्याच्याच हाती ते फडके उघडावयास द्यावे.

जेथे वेळ असेल तेथे एक लांबणीवरचा प्रयोगही सुरू करता येईल. एकाच पोत्यातील दाणे निम्मे घट्ट बाटलीत व निम्मे कापडी पिशवीत भरून वर्गाच्या खुंटीवर ठेवावेत आणि श्रावण, मार्गशीर्ष व वैशाख या तीन महिन्यांत दोन्हींतील शंभर-शंभर दाणे भाजून मोजावेत. वैशाखाची मोजणी शाळेस उन्हाळ्याची सुट्टी लागण्यापूर्वी उरकावी. पिशवीचे वजन दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी एका मुलाने करून तारखेसह भिंतीवरील तक्त्यात लिहावे, आणि बाटलीचे झाकण मोजणीचे दाणे काढण्यापुरतेच उघडावे.